निळीचा रांजण आणि अर्धी भाकरी

आमच्या घरात खोटं बोलायला मुभा होती. मुभा कसली, वेळ आली की ते कामच असायचं. ऐकून कुणाला हसू येईल, तर येऊ दे. मलाही एके काळी यायचं.

आम्ही निळारी. सुताला निळा रंग द्यायचा हा आमचा पिढीजात धंदा. सोलापुरात तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजायचे, तरी आमच्या बाजूला घरोघर हातमाग होते आणि विणकर आपलं सूत निळं करायला आमच्याकडेच आणायचे. परसात छपराखाली गळ्यापर्यंत पुरलेले रांजण होते. त्यांत नीळ, चुना, गूळ आणि तरवडाच्या शिजवलेल्या बिया घालून पाणी आंबवायचं. नीट आंबलं की वर तांबूस-निळा फेस धरायचा. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, ते त्याला 'फूल आलं' म्हणायचे. फूल आलं की सूत बुडवायचं. रांजणातून वर काढलं की ते आधी हिरवट दिसायचं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं व्हायचं. जन्मापासून बघत आले, तरी त्या वेळी हातातलं काम सोडून मी बघतच राहायची आणि आईच्या शिव्या खायची.

पण रांजण म्हणजे लई मानी. चुना जास्त झाला, आंबवण कमी पडलं, थंडी बाधली, की रुसला. फूल येईना, सूत धुतलं की रंग पाण्याबरोबर चालला. मग आप्पा गूळ घालायचे, बिया घालायचे, आणि तेवढ्यानंही उठला नाही तर घरातला शेवटचा उपाय काढायचे. गावात एक थाप सोडून द्यायची. साफ खोटी बातमी. लोकांना ती खरी वाटली की रांजण उठतो, अशी आमच्या लोकांची पक्की समजूत. आजा करायचा, पणजा करायचा. आणि याला एक नियम होता: रांजण उठेपर्यंत घरातल्या कुणी थाप मोडायची नाही. कुणी विचारलंच तर खरंच आहे म्हणायचं. मोडली तर रांजण कायमचा गेला, सगळं पाणी ओतून द्यायचं.

एकदा आप्पांनी सोडून दिलं की देवळाजवळच्या तळ्यात मगर आली. अर्धी गल्ली पळाली. समोर एका विणकराचं घर होतं. घरात तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी. त्याची बायको, जिला आम्ही मावशी म्हणायचो, ती हातातल्या सुताच्या कांड्या टाकून कडेवर पोर घेऊन धावली. परत आली ती कमरेवर हात ठेवून आमच्या दारात.

"आप्पा, तुमचा रांजण रुसला म्हणून माझं सकाळचं काम बुडालं की हो! कुटं हाय तुमची मगर?"

"हाय की. लोकांना बघून बुडी मारली असंल," आप्पा अगदी गंभीर तोंडानं म्हणाले, आणि आत आई पदरात तोंड घालून हसत होती. गल्लीला आमची खोड ठाऊक होती, तरी दर खेपेला कुणी ना कुणी फसायचंच. दुसऱ्या दिवशी रांजणाला फूल आलं. गुळानं आलं की मगरीनं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

दुसरी रीत चाखायची. रांजण बरोबर आहे की नाही हे डोळ्यांनी अर्धंच कळतं, खरं कळतं जिभेला. लाकडी दांडीला नारळाची करवंटी बांधलेली असायची. तिनं घोटभर पाणी घ्यायचं, तोंडात घोळवायचं आणि थुंकायचं. गुळमट लागलं तर चुना हवा, जीभ चावली तर चुना जास्त. मला कधी धड कळलं नाही. माझा धाकटा भाऊ मात्र सहा-सात वर्षांचा असताना आप्पांच्या बरोबरीनं सांगायचा. तोंड वेडंवाकडं न करता पाणी घोळवायचा, लांब पिचकारी मारायचा आणि म्हाताऱ्यासारखा मान हलवून म्हणायचा, "आप्पा, उद्या फूल येतंय बघा." यायचं. मग आप्पा रांजणासाठी आणलेल्या ढेपेतला गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवायचे.

"ह्याची जीभ माझ्या बापाची हाय," ते येईल त्याला सांगायचे. सूत घ्यायला आलेल्या विणकरांपुढे मुद्दाम त्याला बोलवायचे. पोरगंही काही कमी नव्हतं. गल्लीत ऐट मारायचं. मी चिडून एकदा त्याला म्हणाले, "एवढी जीभ चांगली हाय तर आईच्या आमटीला मीठ कमी का जास्त ते सांग की!" तर म्हणतो कसा, "आमटीत काय कळायचंय? ते तुजं काम."

त्या वेळी पोरं मरायला निमित्त लागत नव्हतं, हे मी आता म्हातारपणी लिहिते तेव्हा माझाच मला राग येतो. निमित्त लागत नव्हतं कसं, होतंच की. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची गोळी चाटवून जायच्या, ते निजून राहावं म्हणून. एखादं उठायचंच नाही. दारूच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल ठेवायचं आणि ती पाण्याच्या घड्याशेजारी ठेवायची. पडीक जागेत धोतऱ्याची विषारी बोंडं, कुंपणाला एरंड, आणि दुपारभर मोकाट पोरं. पोर गेलं की सगळे म्हणायचे, नशीब. नशीब म्हटलं की माझं डोकं फिरतं. ज्याच्या घरात जो धंदा, जी चाल, तिच्यातूनच त्या घरच्या पोराला विष मिळालेलं मी बघितलं आहे. आमच्या घरानं तर धाकट्याला ते चाखायला शिकवलं होतं, आणि बरोबर सांगितलं की गूळ दिला होता.

झालं ते असं. पेठेतल्या रंगाच्या दुकानाचा एक माणूस हिंडून सांगत होता की विलायती नीळ आली आहे, आंबवायला नको, चुना नको, गूळ नको. डब्यातला सोडा पाण्यात विरघळवायचा, पूड टाकायची, रांजण त्याच दिवशी तयार. बाकीच्या रंगाऱ्यांनी सुरुवात केली होती. विणकरांनाही घाई असायची. आप्पा पुष्कळ दिवस नाही नाही म्हणत होते. शेवटी एक दिवस त्याला डबा घेऊन ये म्हणाले.

तो आला, त्यानं झाकण उघडून दाखवलं. आत पांढऱ्याशुभ्र कपच्या होत्या. आप्पांनी लोखंडी बादलीत पाणी घेतलं, त्यानं सांगितल्याप्रमाणे कपच्या सोडल्या, आणि पाणी आपोआप तापलं. चूल नाही, विस्तव नाही, आणि बादलीला हात लावू देईना. आम्ही बघतच राहिलो. तो म्हणाला, "हे जपून हां. कातडीला लागू द्यायचं नाही. जिभेला तर मुळीच नाही."

आप्पांना ते झोंबलं. "जिभेला लावायचं न्हाय, तर रांजण बरोबर हाय का न्हाय कळायचं कसं?"

"कळायची गरज काय? तोलून घालायचं, झालं."

तो गेला. हे बोलणं झालं तेव्हा तिथं मी होते, आई होती. धाकटा बाहेर विटीदांडू खेळत होता. त्याला बोलावून दोन शब्द सांगायचे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आई पुढे कितीदा म्हणायची, "एक हाक मारायची होती गं. एक हाक."

धाकटा घामाघूम होऊन परसात आला तेव्हा आप्पा त्या बादलीपुढे उकिडवे बसून स्वतःशीच पुटपुटत होते, "जिभेवाचून रंग करायचा म्हंजे आंधळ्याचं काम." तेवढंच त्यानं ऐकलं. मग पुढच्या दारी कुणी सूत घेऊन आलं म्हणून आप्पा उठून गेले. मी दोरीवर ओलं सूत पसरत होते, पाठ बादलीकडे होती. करवंटीची दांडी दगडावर आपटल्याचा आवाज आला. मी म्हणाले, "नीट ठेव की रे!" आणि वळले.

तो ओरडत नव्हता. तोंड उघडं होतं, दोन्ही हात तोंडात घातले होते, आणि आतून आवाजच येत नव्हता. नंतर आला. तो आवाज मी लिहीत नाही.

थुंकायला त्याला जमलंच नाही. आगीचा घोट लागल्यावर कोण थुंकतं? दचकून गिळला. आप्पांच्या आधी आपणच चाखून त्यांना सांगायचं, की आप्पा, बघा, हे असं लागतंय, तेवढ्यासाठी सगळं. आप्पा धावत आले आणि त्यांनी त्याला उचललं. ओठ पांढरे पडायला लागले होते.

आई ओरडली तशी मावशी आली. मावशीचा आमच्या गल्लीत मान होता, कारण आदल्या वर्षी तिनं एक पोर वाचवलं होतं. एरंडाच्या बिया खाल्लेल्या पोराला तिनं मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून सगळं ओकायला लावलं होतं. पोर जगलं. तेव्हापासून कुणी काही खाल्लं की मावशीला हाक. ती आली ती मिठाचं पाणी कालवतच आली. "पाड, पाड बाहेर सगळं!" आप्पांनी डोकं धरलं, आईनं हात धरले, मावशीनं पाणी पाजलं. तो ओकला. पुन्हा पाजलं, पुन्हा ओकला. रक्त आलं तेव्हा मावशी म्हणाली, "येऊ दे, विष जातंय." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हते. तिला मी दोष देत नाही. आम्ही सगळेच तिला दुवा देत होतो.

मग टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर हळू आवाजात बोलणारे होते. त्यांनी घसा बघितला आणि विचारलं, "उलटी काढलीत का?"

"व्हय," आप्पा घाईनं म्हणाले, "सगळं पाडलं. कायसुद्धा आत ठेवलं न्हाय."

डॉक्टरांनी हातातला दिवा खाली ठेवला. मग म्हणाले, "असल्या विषाला उलटी काढायची नसते. जाताना भाजलं, ते येताना पुन्हा भाजलं."

मावशी दाराशी उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला. घरी येताना ती आमच्या टांग्यात बसली नाही, चालत आली.

तो जगला. आम्हाला वाटलं, सुटलो. तोंडातल्या जखमा भरल्या, दूध पिऊ लागला, हसूही लागला. आवाज घोगरा झाला होता, त्याची मी नक्कल करायची आणि तो मला मारायला धावायचा. पण महिना उलटला आणि गिळणं कमी व्हायला लागलं. आधी भात अडकायला लागला, मग पेज, मग दाट दूध. डॉक्टरांनी सांगितलं, घशाचं आतलं कातडं भरताना आवळत चाललं आहे. रबराची नळी घालून ते वाट रुंद करायचे. आप्पा त्याला मांडीवर घट्ट धरून बसायचे. नळी काढली की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, घट्ट खायला लागला तर जगेल, नाहीतर कठीण आहे.

त्यामुळे घरात एकच गोष्ट उरली, तो भाकरी कधी खाईल. आई रोज पहिल्या भाकरीचा पापुद्रा काढून, पाण्यात कुस्करून, फडक्यानं गाळून त्याला द्यायची. तो घोट घ्यायचा, तो घोट नाकातून परत यायचा. गल्लीतलं प्रत्येक माणूस येता-जाता तेच विचारायचं, "खाल्लं का काय?" मावशी तर रोज, आपल्या उंबऱ्यावरून, कांड्या भरता भरता. आत मात्र पाऊल ठेवत नव्हती.

सोड्याचा डबा आप्पांनी त्याच दिवशी दूर नेऊन पुरला होता. पुन्हा जुने रांजण लावले. पण दवाखान्याच्या चकरा, मन जाग्यावर नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांनी चाखायचं सोडलं होतं. करवंटी मोडून चुलीत घातली होती. अंदाजानं चुना टाकायचे. व्हायचं तेच झालं, मोठा रांजण रुसला.

धाकटा तेव्हा फार वाळला होता. दुपारी त्याला छपराखाली घोंगडीवर बसवायचो, तेवढंच मन रमायचं. एक दिवस तो म्हणाला, "आप्पा, मी बघू?"

"नको रे."

"जुनाच रांजण हाय की. सोड्याचा कुटं हाय?" आणि मग, "लई दिवसांत बघितलं न्हाय."

किती दिवसांनी त्यानं काही मागितलं होतं! खायला मागत नव्हता, खेळायला मागत नव्हता. आप्पांनी रांजणात बोटाचं टोक बुडवलं आणि त्याच्या जिभेवर टेकवलं. त्यानं डोळे मिटले, पहिल्यासारखी मान हलवली.

"बरोबर हाय, आप्पा. उद्या फूल येतंय बघा."

आप्पांचा चेहरा उजळला. मग त्यांनी, सवयीनंच, तेच बोट आपल्या जिभेला लावलं. मी बघत होते. त्यांनी मला नुसतं खुणावलं. मी बोट बुडवून चाटलं. मला कधी धड कळत नव्हतं, पण त्या दिवशी मलासुद्धा कळलं. चुन्यानं जीभ चावली. आणि त्याला काहीच कळलं नव्हतं. त्याची ती जीभ, आप्पांच्या बापाची, जळून गेली होती, आणि ते त्याला आम्ही सांगायचं कसं?

"बरोबर बोललास," आप्पा म्हणाले, आणि गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो मुठीत धरून ठेवला. खाता येत नव्हता.

तो झोपल्यावर आप्पांनी रांजणात गूळ घातला, बिया शिजवून घातल्या, काठीनं ढवळून ढवळून दमले. सकाळी फूल नव्हतं. धाकट्यानं उठल्या उठल्या विचारलं, "आलं का?"

"येतंय. दम धर."

त्याला त्या रांजणापुढे खोटं पडू द्यायचं नव्हतं, एवढंच त्यांच्या मनात होतं, हे मी शपथेवर सांगते. आई बाजाराला गेली होती. आप्पा पुढच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी आत केर काढत होते. समोरून मावशीनं रोजच्यासारखं विचारलं, "कसं हाय पोरगं? खाल्लं का काय?"

आणि आप्पा म्हणाले, "खाल्लं की. अर्धी भाकरी खाल्ली आज."

माझ्या हातातला झाडू थांबला. मगर आली, पूल पडला, राजा येणार. इतक्या थापा त्यांना यायच्या, आणि त्या दिवशी दुसरी सुचलीच नाही. त्यांना जे हवं होतं तेच तोंडातून गेलं. मावशीनं कांड्या टाकल्या, ती आधी तेलुगूत काहीतरी ओरडली, मग मराठीत, "अगं ऐकलंत का! पोरानं भाकरी खाल्ली!" दारं उघडली. कुणी हात जोडले. कुणालाही संशय आला नाही. मगरीवर संशय घेतील, पण असल्या गोष्टीत कोण खोटं बोलेल?

आईला ही बातमी गल्लीच्या तोंडाशी कळली. बाजाराची पिशवी कुणाच्या तरी हातात देऊन ती धावत आली. आप्पांना विचारलं नाही, मला विचारलं नाही. तिलाही रांजणाचा नियम ठाऊक होता, मगरीच्या वेळी तीच पदरात तोंड घालून हसली होती. पण त्या दिवशी तिला काही आठवायचं नव्हतं. सरळ चुलीपुढे बसली, पीठ घेतलं, भाकरी केली. रडत होती आणि हसत होती. "माझ्या हातची न खाता खाल्लास व्हय रे? कुणी दिली? अक्कानं दिली?" अक्का म्हणजे मी. मी भिंतीला चिकटून उभी होते.

तिनं फुगलेली भाकरी मोडली, तुकडा फुंकून फुंकून गार केला आणि त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं आप्पांकडे बघितलं आणि तोंड उघडलं. आईला नाही म्हणवेना त्याला.

"नको!" आप्पा दारातून म्हणाले. "नको घालू. त्यानं न्हाय खाल्ली."

"म्हंजे?"

"रांजण उठंना झालाय."

आईचा हात तिथंच राहिला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं तुकडा ताटात ठेवला, आणि ठेवल्यावर परत उचलून बाकीच्या भाकरीला जोडल्यासारखा लावून ठेवला. आप्पा भिंतीशी बसले आणि त्यांनी डोकं गुडघ्यांत घातलं. बाहेर बायका जमल्या होत्या, त्यांची कुजबुज ऐकू येत होती. आई उठली. तिचं तोंड बघून मला कळलं की ती आता बाहेर जाऊन सगळं सांगणार.

"आई," धाकटा त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सांगू नको."

ती थांबली.

"मोडली तर रांजण उठायचा न्हाय. मी आप्पांना म्हणालोय, फूल येतंय म्हणून."

दाराशी मावशी होती. वाटीत तूप घेऊन आली होती, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं आमच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला होता. "अक्का," ती आईला म्हणाली, आईला ती थोरली बहीण मानून अक्काच म्हणायची, "हे लावून दे त्याला. खरंच खाल्ली?"

आईनं दोन्ही हातांनी वाटी घेतली. "व्हय," ती म्हणाली. "खाल्ली की. अर्धी."

मावशी तिथंच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

रांजण उठला. गुळानं उठला असेल. दाट फूल आलं, आप्पांनी सूत बुडवून वर काढलं आणि धाकट्यापुढे धरलं. ते हिरव्याचं निळं होताना त्यानं बघितलं आणि म्हणाला, "मी म्हणालो होतो की." त्याच्या डोळ्यांत जुनी ऐट होती. त्या आनंदासाठी ते खोटं होतं असं म्हणून मी पुष्कळदा मनाची समजूत घातली. मग आईचा तो तुकडा धरलेला हात आठवतो आणि समजूत पटत नाही. आप्पांनी परत कधी थाप मारली नाही. रांजण रुसला की ओतून द्यायचे.

थंडी पडायच्या आधी तो गेला. शेवटी पाणीसुद्धा उतरत नव्हतं. आमच्यात पुरतात, पुरुष माणसं त्याला घेऊन गेली आणि बायका आईभोवती बसल्या. मावशी तिचा हात धरून होती. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "एवढं तरी झालं, अक्का. जायच्या आधी लेकरानं भाकरी तर खाल्ली."

थाप मोडायला आता काही आडकाठी नव्हती. रांजण कधीचाच उठला होता. मी आईकडे बघितलं. तिनं मावशीच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"व्हय," आई म्हणाली. "तुजं तूप लावून खाल्ली."